सोंग, उपासना आणि उघडे दार : शाळेतील नाताळासंबंधी एक नैतिक विचार

१

पुणे–नगर रस्त्यावरचे शिक्रापूर हे एके काळी बाजारहाटाचे आणि शेतीचे गाव. सणसवाडी आणि रांजणगाव येथील कारखानदारीमुळे त्याचे रूप पालटले. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली कामगार कुटुंबे येथे स्थिरावली आणि त्यांच्या मुलांसाठी इंग्रजी माध्यमाच्या शाळा उभ्या राहिल्या. अशा पट्ट्यातील एखादी शाळा ख्रिस्ती संस्थेने चालविलेली असली, तरी तिच्या पटावरची बहुसंख्य मुले ख्रिस्ती नसतात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात अशा शाळेच्या पटांगणावर मंडप पडतो, गवताची गव्हाण मांडली जाते, कुणी मरिया होते, कुणी योसेफ, कुणी मेंढपाळ. मुले समूहगीते म्हणतात. मध्येच केव्हातरी मुख्याध्यापक अथवा धर्मगुरू पुढे येतात, सर्वांना उभे राहावयास सांगतात, आणि प्रार्थना होते. नंतर सांताक्लॉज येऊन खाऊ वाटतो. पालक छायाचित्रे घेतात व घरी जातात.

ह्या सर्वपरिचित कार्यक्रमात एक अवघड नैतिक प्रश्न दडलेला आहे. मरियेची भूमिका करणारी, आणि गव्हाणीपुढे गुडघे टेकणारी, हिंदू, बौद्ध अथवा मुसलमान घरातली मुलगी नेमके काय करीत असते? ती अभिनय करते की उपासना? आणि तिच्याकडून ते करवून घेण्याचा अधिकार शाळेला कोठून प्राप्त होतो?

ह्या प्रश्नाची दोन ठरीव उत्तरे आहेत. पहिले उत्तर शाळा देते : हा केवळ सांस्कृतिक कार्यक्रम आहे, त्यात धर्माचा संबंध नाही. दुसरे उत्तर शाळेचे विरोधक देतात : हे सांस्कृतिक कार्यक्रमाच्या आवरणाखालचे धर्मांतर आहे. ही उत्तरे परस्परविरोधी दिसत असली तरी त्यांच्या मुळाशी एकच गृहीत आहे. पटांगणावर जे घडते ते सर्व एकजिनसी आहे, म्हणजे एक तर ते सगळे नाटक आहे किंवा सगळी उपासना, असे दोन्ही पक्ष मानतात. प्रस्तुत निबंधात हे गृहीत तपासावयाचे आहे. त्या पटांगणावर नाटकही असते आणि उपासनाही असते. त्यांतील सीमारेषा पुसट ठेवणे हाच खरा नैतिक दोष होय, आणि ती रेषा ओळखण्याचे साधन आपल्या नाट्यपरंपरेत व ह्याच परिसराच्या इतिहासात उपलब्ध आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२

प्रयोग आणि पूजा ह्यांच्या शेजाराची मराठी मनाला नवलाई नाही. तमाशाचा आरंभ गणाने होतो, मग गवळण येते, मग वग. गणात देवाला आवाहन असते; वगात राजा असतो, प्रधान असतो, टवाळी असते. एकाच बोर्डावर, त्याच माणसांकडून, एकाच रात्री हे सारे घडते. तथापि गणाच्या वेळी हात जोडणारा प्रेक्षक वगातल्या राजाला हात जोडीत नाही. संगीत नाटकाच्या नांदीचेही तसेच. उत्सवाच्या अखेरीस देवळात होणाऱ्या लळितात सोंगे येत, बतावणी होई, आणि शेवटी पुन्हा देवाकडे वळणे असे. क्रम हाच येथे चौकटीचे काम करतो. आता देवाशी बोलणे चालू आहे आणि आता प्रेक्षकांशी, हे सर्वांना ठाऊक असते.

सोंग ह्या शब्दाचाही विचार करावयास हवा. एकनाथांच्या भारुडांत जोशी येतो, वासुदेव येतो, गोंधळी येतो, वेडी येते. भारूड सादर करणारा ही सोंगे घेतो तेव्हा तो खरोखर वेडा झाला काय, असे कुणी विचारीत नाही. सोंग घेणारा दुसऱ्याच्या जागी काही काळ उभा राहतो व परत येतो. ‘परत येणे’ हे सोंगाच्या व्याख्येतच अंतर्भूत आहे. म्हणूनच सोंग वठविता न येणाऱ्याइतकीच सोंगातून बाहेर न पडणाऱ्याचीही आपल्या भाषेत थट्टा होते.

तथापि ह्या परंपरेत रेषा ओलांडण्याचीही उदाहरणे आहेत. कोकणातील दशावतारात गणपती रंगमंचावर आला की प्रेक्षकांतले काही हात जोडतात. वाराणसीजवळच्या रामनगर येथील रामलीलेत राम-लक्ष्मणांच्या भूमिका करणारी मुले ‘स्वरूपे’ मानली जातात व त्यांची आरती होते. तेथे अभिनेता आणि आराध्य ह्यांत लीलेपुरते अंतर उरत नाही. ह्याच्याशी येशूजन्माच्या नाटकाची तुलना उद्बोधक ठरते. येथे बाळ येशूच्या जागी बहुधा बाहुली असते. आराध्याची भूमिका कुणीच करीत नाही. नाटकातील सर्व मानवी पात्रे, मग ती मरिया असो वा मेंढपाळ, आराध्याभोवती जमलेल्या माणसांची असतात. परिणामी येशूजन्माच्या नाटकात भूमिका करणे म्हणजे देव होणे नव्हे. देवापुढे उभा राहिलेला माणूस होणे. येथेच पेच आहे. रामनगरच्या मुलाकडून भक्ती अपेक्षित नाही, त्याची भक्ती इतरांनी करावयाची असते. शिक्रापूरच्या मुलीला मात्र भक्ताचीच भूमिका दिलेली असते. भक्तीचा अभिनय आणि भक्ती ह्यांत बाह्यतः काहीच फरक दिसत नाही. दोहोंत गुडघे सारखेच टेकले जातात.

युरोपात हे नाटक मुळात उपासनेतूनच निपजले. दहाव्या शतकाच्या सुमारास ईस्टरच्या विधीतील गायलेल्या छोट्या संवादांतून तेथील धार्मिक नाट्य आकारास आले, आणि पुढे ते वेदीपासून दूर सरकत चर्चच्या आवारात व बाजारचौकात गेले. असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो ह्या गावी गव्हाण, बैल आणि गाढव ह्यांसह जन्माचा देखावा मांडला तो उपासनेचा भाग म्हणूनच. तेव्हा शाळेच्या पटांगणावर नाटक आणि प्रार्थना एकमेकांत मिसळतात ह्यात ऐतिहासिकदृष्ट्या अस्वाभाविक असे काही नाही. फरक एवढाच की ग्रेच्चोच्या गावकऱ्यांत गव्हाणीकडे परक्या नजरेने पाहणारा बहुधा कुणी नसावा. शिक्रापुरात बहुसंख्य तसे आहेत.

३

येथे आधुनिक भाषाविचाराची मदत घेता येते. जे. एल. ऑस्टिन ह्यांनी १९५५ च्या व्याख्यानांत (ती ग्रंथरूपाने १९६२ मध्ये आली) असे दाखवून दिले की काही विधाने वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, त्यांचा उच्चार हीच कृती असते. वचन देणे, नाव ठेवणे, क्षमा मागणे ही त्याची उदाहरणे. ‘मी तुला शरण येतो’ हे प्रार्थनेतील विधान ह्याच जातीचे आहे. ते म्हणणे म्हणजेच शरण जाणे. परंतु असे विधान रंगमंचावर नटाने उच्चारले तर ते पोकळ ठरते, असे ऑस्टिन म्हणतात. नाटकातील लग्नाने कुणी विवाहित होत नाही. हा युक्तिवाद स्वीकारला तर मुलीने रंगमंचावर म्हटलेली प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे, आणि वाद तेथेच मिटतो.

परंतु तो इतक्या सहज मिटत नाही. १९७१ च्या आपल्या निबंधात देरिदा ह्यांनी ऑस्टिनच्या ह्याच वर्गवारीवर बोट ठेवले. कोणतीही उक्ती पुनरुच्चार्य असते म्हणूनच ती उक्ती म्हणून ओळखू येते. मग गंभीर उच्चार मूळचा आणि रंगमंचावरचा उच्चार त्यावर पोसलेला, अशी उतरंड लावता येत नाही. प्रार्थनेच्या बाबतीत हे विशेषच खरे. देवळात असो वा चर्चमध्ये, श्रद्धावान मनुष्यही दुसऱ्याने रचलेले, शेकडो वेळा उच्चारलेले शब्दच उच्चारतो. तेव्हा शब्दांवरून, किंवा ते पाठ केलेले आहेत ह्यावरून, उपासना कोणती आणि प्रयोग कोणता हे ठरविता येणार नाही.

ह्याहून गंभीर आक्षेप पास्कालचा आहे. श्रद्धा नसलेल्याने श्रद्धावानासारखे वागावयास लागावे, विधी करावेत, म्हणजे श्रद्धा मागाहून येईल, असा त्याच्या विचाराचा आशय आहे. अल्थ्युसर ह्यांनी १९७० मधील विचारप्रणालीविषयक निबंधात ह्याच सूत्राचा आधार घेतला, आणि त्याच निबंधात आधुनिक समाजातील प्रधान विचारप्रणालीय यंत्रणा म्हणून शाळेचा निर्देश केला. विचारप्रणाली डोक्यात नव्हे, देहाच्या सवयींत राहते. मग ‘ते तर केवळ नाटक आहे’ हे उत्तर फारच दुबळे ठरते. बालवाडीपासून दहावीपर्यंत दरवर्षी टेकलेला गुडघा कोणत्या वर्षी अभिनयाचा राहत नाही, हे कोण सांगणार?

ह्या आक्षेपाला उत्तर द्यावयाचे तर नाटकाच्या रचनेकडेच वळावे लागते. येशूजन्माच्या नाटकात मरिया आणि मेंढपाळ असतात तसा हेरोदही असतो. बाळाचा घात करू पाहणारा हा राजा मत्तयाच्या शुभवर्तमानातून आलेला. मेंढपाळ लूकच्या शुभवर्तमानातले. दोन वेगळ्या कथनांची सांगड नाटकाने घातली आहे. त्याहून लक्षणीय म्हणजे उतारशाळेचा मालक. लूककडे ‘उतारशाळेत जागा नव्हती’ एवढाच उल्लेख आहे. दार लावून घेणारा माणूस तेथे नाही. तो नाट्यपरंपरेने निर्माण केला. नाटकाला त्याची गरज भासली, कारण नकार देणारे पात्र असल्याशिवाय नाट्य उभे राहत नाही. ज्या मुलाच्या वाट्याला हेरोद येतो त्याने तो वाईट वठविला तर शिक्षक रागावतात. चांगला वठविला तर टाळ्या पडतात. उपासनेत हेरोदाची भूमिका नसते. तेथे एकच जागा असते, ती शरण जाणाऱ्याची, आणि ती सर्वांना सारखी असते.

प्रयोग आणि उपासना ह्यांतील हा भेद मला निर्णायक वाटतो. ज्या कृतीत नकाराला भूमिका म्हणून स्थान आहे, भूमिकांची अदलाबदल शक्य आहे आणि ज्यातून परत येता येते, तो प्रयोग. मरिया झालेली मुलगी पुढच्या वर्षी हेरोदाचा शिपाई होऊ शकते, म्हणून तिच्या गुडघ्याची सवय पास्कालच्या अर्थाने सवय बनत नाही; ती सोंगाच्या जातीची राहते. आणि तिचे सोंग पाहताना तिच्या आईच्या डोळ्यांत पाणी आले तर त्यालाही धर्मांतराचे लक्षण मानण्याचे कारण नाही. अवघडलेल्या बाईला गावात कुठेच जागा मिळत नाही, हे दुःख परमुलुखातून येऊन भाड्याच्या खोलीत संसार मांडणाऱ्या बाईला समजावून द्यावे लागत नाही. भट्टनायकाने मांडलेली आणि अभिनवगुप्ताने आपल्या रीतीने स्वीकारलेली साधारणीकरणाची कल्पना हेच सांगते : भाव विशिष्ट व्यक्तीच्या, विशिष्ट काळाच्या बंधनातून सुटतो तेव्हाच तो आस्वाद्य होतो. ह्या आस्वादासाठी मरियेवर श्रद्धा असण्याची अट नाही.

मात्र ज्या क्षणी ‘सर्वांनी उभे राहा, डोळे मिटा’ अशी सूचना येते त्या क्षणी भूमिका संपतात. प्रेक्षक आणि नट ह्यांतला भेद मावळतो. हेरोद झालेल्या मुलालाही आता डोळे मिटावयाचे असतात. प्रयोग संपून उपासना सुरू झालेली असते, आणि हे कुणीही कुणाला सांगितलेले नसते.

४

ही सीमारेषा पुसट ठेवण्यात भाषेचा वाटा मोठा आहे. शिक्रापूरसारख्या ठिकाणच्या इंग्रजी शाळेत नाताळची गीते बहुधा इंग्रजीत होतात. त्यांतील आशय, म्हणजे देव देह धारण करून आला, त्याची आराधना करा, हा ठाम धार्मिक आशय आहे. तो पालकांना खटकत नाही ह्याचे एक कारण सहिष्णुता हे असेल. दुसरे कारण असे की तो त्यांच्या कानांवर आशय म्हणून पडतच नाही. मूल इंग्रजीत गाते आहे, ह्यातच गीताचा अर्थ संपलेला असतो. हाच आशय अभंगाच्या चालीवर, टाळ-मृदंगाच्या साथीने मराठीत गायिला गेला तर त्याच मंडपात चुळबूळ सुरू होईल. समजले तर भजन आणि न समजले तर गाणे, असा हा न्याय आहे.

ह्यातील विपर्यास असा की मराठी ख्रिस्ती उपासनेची परंपरा नेमकी उलट दिशेची आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचे ख्रिस्तपुराण प्रसिद्ध झाले. ओवी हा छंद आणि पुराण हा प्रकार त्यांनी निवडला तो लोकांना समजावे, आपलेसे वाटावे म्हणून. नव्याने ख्रिस्ती झालेले लोक पाद्रीकडे पुराणासारखे काही मागतात, जुनी पुराणे बंद केलीत तर त्या जागी दुसरे काही द्या म्हणतात, असा प्रसंग त्या ग्रंथातच आहे. ह्या मागणीमागे सत्तेने घडविलेली हानी आहे, हे विसरता येत नाही. तरीही समजेल अशा भाषेत उपासना करणे म्हणजे ऐकणाऱ्याला होकार आणि नकार दोन्हींची संधी देणे, हे तत्त्व त्यातून निघते.

शिक्रापूरच्या रस्त्याचे दुसरे टोक अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर. तेथील अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात हे तत्त्व अधिक मोकळेपणाने विकसित झाले. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन ही रूपे ख्रिस्ती उपासनेत आणली. त्यांची गीते ‘उपासना संगीत’ ह्या संग्रहातून आजही मराठी चर्चमध्ये गायिली जातात. ह्या गायनात नगर जिल्ह्यातील दलित ख्रिस्ती समाजाचा वाटा मोठा आहे. पंडिता रमाबाईंनीही इंग्लंडातील वास्तव्यात अँग्लिकन भगिनींशी झालेल्या पत्रव्यवहारात, क्रुसावरची अक्षरे लॅटिनमध्ये का असावीत, संस्कृतात का नसावीत, असा सवाल केला होता.

ह्या पार्श्वभूमीवर आजच्या शाळेतील नाताळ पाहिला तर दिसते ते असे : जवळची, समजणारी, मराठी ख्रिस्ती उपासना मंचावर येत नाही, दूरची, न समजणारी येते आणि ‘सांस्कृतिक’ म्हणून खपते. नगरकडच्या ख्रिस्ती आजीचे भजन ह्या मंडपात परके ठरते आणि सांताक्लॉजची लाल टोपी आपली ठरते. ह्यात फसवणूक दुहेरी आहे. अन्यधर्मीय पालकाला आशय कळत नाही, आणि ख्रिस्ती मुलाला आपली उपासना लपविण्यासारखी आहे, असा धडा मिळतो.

५

एका शाळेत उपासना कोणी, कोठे आणि कोणासमोर करावी, ह्या प्रश्नावर पुण्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठा वाद झाला होता. तो शाळेतील नाताळाच्या प्रश्नाशी थेट भिडतो.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. अमेरिकेत जमविलेल्या मदतीच्या बळावर त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले व १८९० मध्ये ते पुण्यास आणले. उच्चवर्णीय हिंदू विधवांसाठी असलेल्या ह्या शाळेत धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे आश्वासन होते, आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर ह्यांसारखे सुधारक तिच्या सल्लागार मंडळात होते. रमाबाई स्वतः मात्र आपल्या खोलीत, आपल्या मुलीसह, ख्रिस्ती पद्धतीची प्रार्थना करीत. त्या खोलीचे दार त्या लावून घेत नसत. हळूहळू काही मुली त्या प्रार्थनेला येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने ह्याविरुद्ध मोहीम उघडली, १८९३ मध्ये सल्लागार मंडळातील सुधारकांनी राजीनामे दिले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या.

ह्या वादाचा निवाडा सहसा पक्ष घेऊन केला जातो. रमाबाईंच्या बाजूने असे म्हणता येते, आणि ते खरेच आहे, की त्यांनी कुणाला बोलाविले नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलीबरोबर प्रार्थना करण्यासाठी दार लावून घ्यावे लागणे हा अपमान आहे. ज्या स्त्रीने आयुष्यभर कुणाच्या धाकाने काही केले नाही तिने ह्याच एका बाबतीत चोरी का करावी? शिवाय त्यांचे टीकाकार ज्या विधवांच्या धर्माची काळजी वाहत होते त्या विधवांना त्याच धर्माच्या नावाने केशवपनाची व उपासमारीची शिक्षा भोगावी लागत होती. मुलींना आपले मन असू शकते, ही शक्यताच त्या टीकेत नव्हती.

परंतु टीकाकारांच्या म्हणण्यात एक गाभा असा होता की जो त्यांच्या हेतूंहून वेगळा काढून तपासला पाहिजे. उघडे दार सर्वांना सारखे उघडे नसते. ज्या मुलीला जगात दुसरा आसरा नाही, जिला अन्न, वस्त्र, अक्षर आणि माया एकाच बाईकडून मिळते, तिच्या लेखी त्या बाईच्या प्रार्थनेचे उघडे दार हे केवळ दार राहत नाही. कुणी बोलावीत नाही, तरी न जाणे जड जाते. सक्तीला शब्द लागतो. कृतज्ञतेला तोही लागत नाही. येथे रमाबाईंवर दोषारोप करण्याचा प्रश्न नाही. मुद्दा असा की आश्रितावर प्रेम करणाऱ्याची उपासना ही, त्याची इच्छा असो वा नसो, आश्रितावर भार टाकते.

पुढील घटनाक्रम हा विचार आणखी पुढे नेतो. शिरूर तालुक्याच्या दक्षिणेस भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. तेथील केडगाव येथे रमाबाईंनी जमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुली व स्त्रिया आणून त्यांनी तेथे मुक्ती सदन वसविले. ही संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. शारदा सदनातील संदिग्धता येथे संपली. १९०५ मध्ये तेथे झालेल्या धार्मिक जागृतीच्या काळात शेकडो मुली प्रार्थनेत सामील झाल्या; त्या वेळी प्रयोगाचा कोणताही आव नव्हता. परंतु स्पष्टता आली म्हणजे स्वातंत्र्य आले असे होत नाही. शारदा सदनातील मुलीला निदान परत नेणारा पालक होता. दुष्काळातून आलेल्या मुलीला परत जावयास गावच उरले नव्हते. तिची श्रद्धा खोटी होती असे म्हणण्याचा अधिकार आपणास नाही. अनेकींनी ती आयुष्यभर जपली व तिच्या बळावर उभ्या राहिल्या. इतकेच म्हणता येईल की तिच्या होकाराचे मूल्य आपण बाहेरून मापू शकत नाही, कारण नकाराला तेथे जागा किती होती हे मापण्याचे साधन आपल्यापाशी नाही.

तेव्हा शारदा सदन आणि मुक्ती सदन ह्यांतून दोन वेगवेगळे धडे निघतात. पहिला असा की सीमारेषा स्पष्ट असावी. दुसरा असा की केवळ स्पष्टता पुरेशी नाही. रेषेच्या अलीकडे थांबणाऱ्याला उभे राहण्यापुरती सन्मानाची जागा हवी.

अशी जागा शक्य असते ह्याचे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त आहे. पती ख्रिस्ती झाल्यावर प्रथम दूर राहिलेल्या आणि नंतर त्यांच्याबरोबर राहावयास आलेल्या लक्ष्मीबाईंनी काही काळ आपले सोवळे, आपले पाणी, आपली चूल वेगळी ठेवली. एकाच छपराखाली उपासना चालू आहे आणि तीत सामील न होणारे माणूसही तेथे मानाने नांदते आहे. त्या पुढे ख्रिस्ती झाल्या, त्या आपल्या वेळी आणि आपल्या कारणाने. त्यांचा होकार इतका विश्वसनीय वाटतो, ह्याचे कारण त्यांचा नकार आपण आधी पाहिलेला असतो.

६

भारतीय राज्यघटनेने ह्या प्रश्नाचा विचार केलेला आहे. अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार देतो. अनुच्छेद २८ चा तिसरा खंड असे सांगतो की राज्याची मान्यता असलेल्या अथवा राज्याकडून साहाय्य घेणाऱ्या संस्थेतील कोणासही त्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धर्मशिक्षणात भाग घेण्यास किंवा धार्मिक उपासनेस उपस्थित राहण्यास भाग पाडता येणार नाही. ह्या दोन अनुच्छेदांत विरोध नाही. शाळेने ख्रिस्ती असावे, आणि तिने कुणाला ख्रिस्ती व्हावयास लावू नये, ही दोन्ही विधाने एकत्र नांदू शकतात.

परंतु कायद्याच्या दृष्टीने संमती पालकाची; मुलाचे काय? ह्या बाबतीत बिजो इमॅन्युएल खटला मार्गदर्शक आहे. केरळातील यहोवाज विटनेसेस पंथाच्या तीन मुलांनी शाळेत राष्ट्रगीत म्हणण्यास नकार दिला. ती मुले राष्ट्रगीत चालू असता आदराने उभी राहत, फक्त गात नसत. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढण्यात आले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. आदराने उभे राहणे पुरेसे आहे, न गाणे हा अनादर नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. राष्ट्रगीत आणि उपासना ह्या भिन्न गोष्टी असल्या तरी ह्या निकालाने एक नैतिक पवित्रा अधोरेखित केला : सामील न होता उपस्थित राहण्याचा.

हा पवित्रा शाळेने मुलांना शिकवावा, असे मला वाटते. आज मुलाला दोनच पर्याय दिसतात. एक तर डोळे मिटून हात जोडावेत, किंवा त्या दिवशी घरी राहावे. दुसऱ्याच्या प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडे ठेवून, शांतपणे, मान राखून उभे राहणे ही एक शिकण्याजोगी कला आहे, आणि बहुधर्मी समाजात तिची गरज प्रार्थनेइतकीच आहे.

हा नियम एकतर्फी असून चालणार नाही. आषाढीला शाळाशाळांतून बालदिंड्या निघतात. त्यांत मुसलमान अथवा ख्रिस्ती मुलगी डोक्यावर तुळशीवृंदावन घेते तेव्हा आपण कौतुकाने पाहतो. ते कौतुक रास्त आहे, कारण दिंडी हे शाळेपुरते सोंग आहे. पण त्याच शाळेत रोज सकाळी सरस्वतीवंदना अथवा गणेशस्तोत्र सर्वांकडून म्हणवून घेतले जात असेल, तर ते सोंग नव्हे. त्यात भूमिका नाहीत आणि परत येणे नाही. बहुसंख्याकांची उपासना ‘संस्कार’ ठरते आणि अल्पसंख्याकांचे नाटक ‘धर्मांतर’ ठरते, ही वर्गवारी करणारा मनुष्य उपासना व प्रयोग ह्यांचा विचार करीतच नसतो. तो केवळ संख्येचा विचार करीत असतो. नाताळाच्या कार्यक्रमावर आक्षेप घेणाऱ्याने आपल्या शाळेच्या परिपाठाकडे त्याच कसोटीने पाहावे.

येथे ख्रिस्ती शाळेच्या बाजूने एक प्रतिप्रश्न संभवतो. आजच्या संशयाच्या वातावरणात ‘ही उपासना आहे’ असे जाहीर म्हणणे शाळेला परवडेल काय? ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ हे नाव ती संरक्षण म्हणून घेते. ते काढून घेणे म्हणजे तिला उघड्यावर आणणे नव्हे काय? हा प्रश्न खरा आहे, आणि ज्यांना कधी कुणी जाब विचारलेला नाही त्यांनी तो हलका लेखू नये. परंतु ह्या संरक्षणाची किंमतही पाहिली पाहिजे. प्रार्थनेला कार्यक्रमपत्रिकेतला एक प्रकार म्हणून मांडले की ती इतरांवर लादली जातेच; त्याशिवाय ज्यांची ती आहे त्यांच्यासाठीही ती हलकी होते. गण वगात मिसळला तर वगाचे फारसे बिघडत नाही, बिघडते ते गणाचे. आपली श्रद्धा ‘फक्त संस्कृती’ आहे असे वर्षानुवर्षे सांगणारी संस्था एके दिवशी ते स्वतः खरे मानू लागते. आणि संशय घेणाऱ्याचे समाधान तर ह्या नावाने कधीच होत नाही. लपविलेले काही आहे, हाच त्याचा समज त्यामुळे दृढ होतो.

म्हणून मार्ग क्रम लावण्याचा आहे, आणि तो तमाशाच्या फडालाही ठाऊक आहे. नाटक नाटकाच्या वेळी व्हावे. त्यात ज्याला हौस असेल त्या मुलाने मेंढपाळ व्हावे वा हेरोद, आणि गीते कळतील अशा भाषेत असावीत. उपासना उपासना म्हणून, वेगळ्या वेळी, तसे सांगून व्हावी. तिचे दार उघडे असावे. मात्र आत न आलेल्या मुलाचे नाव कुणी टिपून ठेवू नये, आणि आत येऊन नुसते उभे राहिलेल्या मुलाला कुणी हात जोडावयास सांगू नये. पुणे आणि नगर ह्यांच्या दरम्यान, केडगावपासून फारशा दूर नसलेल्या एखाद्या शाळेला हे जमले, तर १८९३ मध्ये पुण्यात जो प्रश्न राजीनाम्यांनी मिटविला गेला त्याचे उत्तर शोधण्यास निदान आरंभ होईल.